कागवाडेकाकांचा बँजो

कागवाडेकाकांना बँजोबद्दल काही विचारायचं तर हाताशी तासभर असावा लागे. "बस की," म्हणायचे, "उभ्या उभ्या सांगायची गोष्ट नाही ती." मग चहाचं आधण ठेवायचे आणि ते उकळेपर्यंत एक अक्षर बोलायचे नाहीत. मला धीर म्हणून नाही. आमच्या घरात सगळे म्हणतात, ही जन्मली तीच घड्याळ बघत. तरीसुद्धा त्या माणसाच्या स्वयंपाकघरात मी जितकी बसले असेन तितकी ऑफिसच्या मिटिंगांतही बसले नसेन.

मागच्या हिवाळ्यात काका गेले. मी तेव्हा सांगलीला होते, आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. गिझेलाकाकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोन आला. तेव्हापासून लिहायचं मनात होतं. त्यांचं चरित्र मला माहीत नाही, मी कधी विचारलंही नाही. मूळचे मिरजेचे, शिकायला जर्मनीत आले, इथंच नोकरी लागली, इथंच लग्न झालं, आणि इंगोलश्टाटजवळच्या एका गावात दुमजली घर बांधून राहिले. वरच्या मजल्यावर मी भाडेकरू. मी सांगलीची म्हटल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी मला ऐकवलं की सांगलीवाल्यांनी हळद विकली, सूर सांभाळला तो मिरजेनं. मी म्हटलं, काका, भाडं मात्र सांगलीच घेऊन आलीय. तेव्हापासून आमचं जमलं.

नोकरी त्यांची मजेची होती. मोटारीच्या कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत ते गाडीतले नको ते आवाज शोधायचे. डॅशबोर्डची खडखड, दाराची किरकिर, सीटखाली कुठंतरी होणारं टिकटिक. ज्या माणसानं आयुष्यभर आवाज बंद करण्याचा पगार घेतला, तो घरी येऊन बँजो वाजवतो, यावर गिझेलाकाकूंचे बरेच विनोद होते. गिझेलाकाकू अस्सल बव्हेरियन. सासूकडून मराठीतला एकच शब्द त्यांनी नीट उचलला होता, तो म्हणजे 'अहो'. भर बाजारात, दोन रांगा पलीकडून, खणखणीत आवाजात "अहो!" अशी हाक आली की टोमॅटो निवडणारे काका मान वर करायचे.

काकांची कामाची एक पद्धत होती आणि ती त्यांनी निवृत्तीनंतरही सोडली नाही. दोष कुठं आहे हे ते कधी सांगायचे नाहीत. ज्यानं तो भाग बनवला त्या इंजिनिअरला शेजारच्या सीटवर बसवायचे आणि खडबडीत दगडी रस्त्यावरून गाडी फिरवायचे, फिरवायचे, फिरवायचे. तो बोलत राहायचा की आमच्या भागात काही नाही, चाचण्या झाल्यात, आकडे बघा. काका गप्प. शेवटी तो स्वतःच म्हणायचा, हे काय वाजतंय? तेव्हा कुठं काका गाडी बाजूला घ्यायचे. "आपण सांगितलं की माणूस भांडायला उठतो," म्हणायचे, "त्याला आपलं आपण ऐकू येऊ द्यावं. येतंच."

हा प्रयोग माझ्यावरही झाला. माझं वॉशिंग मशीन जुनं होतं, कुणाकडून तरी फुकट मिळालेलं. त्याचा खाली त्रास होतो असं एकदा काकूंनी सुचवलं तर मी फणकाऱ्यानं म्हटलं, छे, काही आवाज नाही त्याचा. पुढच्या शनिवारी, मी मशीन लावून खाली आले तशी त्यांनी मला चहाला बसवलं. गप्पा चालू होत्या. मग वर मशीन पिळायला लागलं आणि त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कपबश्या नाचायला लागल्या. फडताळातला मसाल्याचा डबा चालत चालत कडेला आला. काका शांतपणे चहा पीत होते. मी काय ते समजले आणि त्याच आठवड्यात मशीनखाली घालायला रबराचे पाय आणले.

तर बँजो. आपल्याकडच्या कुणालाही काका बँजो वाजवतात म्हटलं की तो लगेच विचारणार, म्हणजे ते गणपतीच्या मिरवणुकीतलं, बटणांचं? काका चिडायचे नाहीत. ते वाद्य वेगळं, म्हणायचे, ते जपानहून आलं आणि आपल्या पोरांनी त्याला गल्लीबोळातून असं काही वाजवलं की जपान्यांनी ओळखूही नये. मग हा तुमचा बँजो अमेरिकेचा, असं कुणी म्हटलं की झालं. चहाचं आधण.

त्यांचं सांगणं असं असायचं. पश्चिम आफ्रिकेत भोपळ्याला चामडं मढवून, दांडीला तारा लावून वाजवायची वाद्यं होती, अजून आहेत. कुठं त्याला अकोंटिंग म्हणतात, कुठं आणखी काही. तिथून माणसं धरून, साखळ्या घालून जहाजात भरून नेली. "जहाजात वाद्य कोण नेऊ देतंय? पण हात तर बरोबर गेले ना गं. हातांना ठाऊक होतं." तिकडच्या मळ्यांवर त्या माणसांनी मिळेल त्या भोपळ्याचं पुन्हा तेच वाद्य केलं. गोऱ्या लोकांनी ते ऐकलं, उचललं. मग कारखान्यांनी भोपळा काढून लाकडी कडं आणि धातू लावला, दांडीवर पडदे ठोकले, आणि पुढं डोंगरातल्या गोऱ्या शेतकऱ्यांचं वाद्य म्हणून ते जगभर गेलं. ज्यांचं होतं त्यांचं नाव त्यावरून पुसलं गेलं. हे सांगून झालं की ते बँजोची ती आखूड तार छेडायचे. बँजोला चार लांब तारा आणि अंगठ्याच्या बाजूला एक आखूड तार असते, दांडीच्या मध्यावरच संपणारी. "ही बघ. सगळं बदललं, ही राहिली. आपल्या सतारीला चिकारी असते की नाही? तसं हिचं काम. बाकीच्या तारा काय वाट्टेल ते बोलोत, ही आपलं एकच सांगत राहते."

मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. पण ती तार मला ओळखता यायला लागली. संध्याकाळी वर भाकरी थापताना (हो, मी इथं भाकरी थापते, आणि गॅस नसलेल्या विजेच्या शेगडीवर ती फुगवूनही दाखवते) खालून ती टिण्ण टिण्ण ऐकू यायची.

दर गुरुवारी मात्र खालून दोन वाद्यं ऐकू यायची, कारण गुरुवार झेपचा. झेप म्हणजे काकांचा मित्र, निवृत्त सुतार, सहा फुटी, मिशीवाला, हसला की घर हलेल असा. शेजारच्या गावात त्यांचा एक वेस्टर्न क्लब होता. जर्मनीत हे प्रकरण आहे. गावाबाहेर लाकडी सलून, म्हणजे काऊबॉयच्या सिनेमातला असतो तसा दारूचा अड्डा, बांधायचं, शनिवारी काऊबॉयच्या टोप्या घालून जमायचं, डुकराचं मांस भाजायचं आणि अमेरिकेतली जुनी गाणी बव्हेरियन उच्चारात म्हणायची. झेप त्या क्लबाचा अध्यक्ष आणि गिटारवाला. काका तरुणपणी नवे नवे आले तेव्हा कुणी बोलायला नव्हतं, थंडीनं आणि एकटेपणानं जीव मेटाकुटीला आलेला. झेपनं त्यांना कुठूनसं उचलून त्या सलूनमध्ये नेलं, हातात एक जुना बँजो दिला आणि म्हणाला, हे आमच्यात कुणाला येत नाही, तू शीक. काकांचं जर्मन त्या सलूनमध्ये झालं. लग्नात साक्षीदार झेप. घराचा जिना झेपनं केलेला. काकांना दुसरे मित्र नव्हते असं नाही, महाराष्ट्र मंडळ होतं, ऑफिसातले होते. पण "माझा माणूस" असं ते एकालाच म्हणत.

आता भोपळ्याचं सांगते. काका लहानपणी मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीला लागून राहायचे. भीमेकाठचे मोठाले भोपळे यायचे, ते वाळायचे, भिजायचे, कापले जायचे, हे सगळं त्यांनी बघितलेलं. बँजो मुळात भोपळ्याचा हे त्यांना जर्मनीत, चाळिशीनंतर कळलं, आणि त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी म्हणे गिझेलाकाकूंना झोपेतून उठवून सांगितलं. तेव्हापासून एकच ध्यास. आपल्या हातानं लावलेल्या भोपळ्याचा बँजो करायचा. भाड्यानं घेतलेल्या बागेच्या तुकड्यात, इथं क्लाईनगार्टन म्हणतात त्यात, ते दर वर्षी गोल दुधीच्या बिया लावायचे. पण बव्हेरियाचा उन्हाळा तो केवढा! भोपळा टरारून वाढायचा आणि साल कडक व्हायच्या आत थंडी पडून सडायचा. एका वर्षी मात्र फेब्रुवारीतच खिडकीत रोपं केली, वेलाला काचेचं छप्पर केलं, आणि एक फळ असं काही धरलं की विचारू नका. काका रोज संध्याकाळी जाऊन त्याच्यावर टिचकी मारून यायचे. त्यांना कशावरही टिचकी मारायची सवय होती, पावावर, कलिंगडावर, माझ्या नव्या टेबलावर.

ऑगस्टमध्ये मंडळाची सहल त्या बागेत होती. आमच्या मंडळात नीताताई आहेत, अतिशय कामसू, गाणाऱ्या, गणपतीला दोनशे मोदक एकटीनं करणाऱ्या बाई. जर्मनीत दुधी मिळणं किती कठीण ते इथं राहिल्याशिवाय कळायचं नाही. भारतीय दुकानात बोटाएवढा सुकलेला दुधी सोन्याच्या भावानं. नीताताईंना वेलावर तो टपोरा, चकचकीत दुधी दिसला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं असणार. काका कोळसे पेटवत होते. बाईंनी चाकू काढला, दुधी कापला, आणि संध्याकाळी सगळ्यांसाठी घरून हलवा करून घेऊन आल्या. वर म्हणाल्या, काका, तुमच्याच बागेतला बरं का!

मी काकांकडे बघायचं टाळलं. गिझेलाकाकूंनी तोंडावर हात ठेवला होता. काकांनी वाटी घेतली, एक चमचा खाल्ला, आणि म्हणाले, "छान झालाय." मग दुसरी वाटी घेतली. मी हळूच विचारलं, अहो काका, दुसरी कशाला? तर म्हणतात, "आपलं पोर आहे ते. मी नाही खाणार तर कोण खाणार?" नीताताईंना त्यांनी शेवटपर्यंत कळू दिलं नाही. त्या अजूनही सांगतात, कागवाडेकाकांना माझ्या हातचा हलवा फार आवडायचा.

पुढच्या वर्षी भोपळा झाला. या खेपेला वेलाजवळ पाटी लावली होती, मराठीत आणि जर्मनमध्ये, 'हात लावू नये'. वर्षभर तो बॉयलरच्या खोलीत वाळला. झेपनं अक्रोडाची दांडी करून दिली, दोघांनी मिळून बकऱ्याचं चामडं ताणून बसवलं. त्या वाद्याचा आवाज दुकानातल्या बँजोसारखा टणटणीत नव्हता. खालचा, थोडा घोगरा, घरात कुणीतरी बोलतंय असा होता. काका पहिल्यांदा वाजवत होते तेव्हा झेप समोर बसून चक्क रडला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून पुढं जे झालं त्यात झेपला नुसतं नावं ठेवणं मला जमत नाही.

त्या सुमारास क्लबाचा मोठा वर्धापनदिन आला. कुणीतरी अगदी जुने फोटो काढले. काका क्लबात येण्याआधी तिथं एक सोंग व्हायचं. गोरी माणसं तोंडाला काळा रंग फासून, ओठ पांढरे रंगवून, बँजो वाजवत खुळचट नाचायची. अमेरिकेत जुन्या काळी असे खेळ थिएटरांतून व्हायचे, त्यातूनच बँजो गोऱ्या घरांत शिरला, हेही काकांच्याच गोष्टीत असायचं. बैठकीत ठरलं, जुन्या लोकांना आवडेल, ते सोंग पुन्हा करायचं. बँजोवर अर्थात काका. आणि झेप हसत हसत काकांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, तुझा तर रंगाचा खर्चही वाचला. सगळे हसले. काकाही हसले.

हे मला गिझेलाकाकूंनी सांगितलं. त्या संतापानं लाल झाल्या होत्या. त्यांना त्याच दिवशी उठून यायचं होतं, पण काका बसून राहिले आणि सगळ्यांबरोबर बिअर संपवून घरी आले. मग तीन-चार दिवस खालून वाजवण्याचा आवाज नाही. मी जाऊन स्पष्टच विचारलं, तुम्ही त्याला सांगत का नाही? म्हणाले, तो वाईट माणूस नाही. मी म्हटलं, मी कुठं वाईट म्हटलं, सांगत का नाही ते विचारलं. तर म्हणाले, त्याचं त्याला ऐकू येईल.

पुढच्या गुरुवारी त्यांनी झेपला भोपळ्याचा बँजो वाजवून दाखवला आणि पहिल्यापासून सगळी गोष्ट सांगितली. जहाजं, मळे, थिएटरातली सोंगं, सगळं. झेपनं ती शंभर वेळा ऐकली असेल, तरी मन लावून ऐकली. मग काका गप्प बसले. झेपनं नाक पुसलं, म्हणाला, किती सुंदर सांगतोस, आणि मग वही उघडून म्हणाला, तर सोंगात तू दुसऱ्या कडव्यानंतर येतोस, गेनाऊ? म्हणजे, बरोबर ना?

माझा तर संयम सुटला असता. काकांनी तो गुरुवार सोडून दिला. त्यांना त्या माणसाची भीती नव्हती, त्याला गमावण्याची भीती होती, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही. इतक्या वर्षांचा एकुलता एक गडी. एक वाक्य बोललं आणि तो उठून गेला तर या वयात नवा कुठून आणायचा?

त्यानंतरच्या गुरुवारी काकूंनी केक केला होता म्हणून मी खालीच होते. झेप आला तो रंगाचा डबा घेऊन. टेबलावर केकच्या शेजारी ठेवला. म्हणाला, आज लावून बघू, दिव्याखाली कसा दिसतो. काका त्या डब्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बँजो पेटीत ठेवला, झाकण लावलं, आणि जर्मनमध्ये, अगदी हळू आवाजात बोलले.

"झेप, मी हे वाजवणार नाही."

झेपला वाटलं हात दुखतोय. त्यानं तसं विचारलंही.

"हात बरा आहे. ज्यांनी हे वाद्य आणलं त्यांना हसण्यासाठी ते सोंग होतं. तुला मी किती वेळा सांगितलं. तुला आवडलं, तू रडलास. आणि तरी तू रंग घेऊन आलास."

झेप आधी गोंधळला, मग त्याला राग आला. कुणाचं वाईट करायचा हेतू नाही, म्हणाला, जुनी गंमत आहे, आमचे म्हातारे खूश होतील. आणि त्या दिवशी तूसुद्धा हसलास की, सगळ्यांच्या देखत.

"हसलो," काका म्हणाले. "इतकी वर्षं हसतच आलोय, झेप. आता दमलो."

झेपनं डबा उचलला, टोपी घातली आणि गेला. केक तसाच राहिला. काकू काकांच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवून "अहो" एवढंच म्हणाल्या.

सोंग झालं नाही. बँजोशिवाय ते होण्यासारखं नव्हतंच. झेपनं क्लबाच्या सभेत जाहीर केलं की बँजोवाला उपलब्ध नसल्यामुळे हा कार्यक्रम रद्द. उपलब्ध नसल्यामुळे! काकांना सोंगापेक्षा ते वाक्य जास्त लागलं. मी आजारी आहे की गावाला गेलोय, असं विचारत होते. ते क्लबात जायचे थांबले, झेप गुरुवारचा यायचा थांबला. सगळा हिवाळा असा गेला. गावात बेकरीत समोरासमोर आले तर दोघं मान हलवायचे आणि आपापला पाव घेऊन बाहेर पडायचे. एकदा मी काकांना म्हटलं, काका, शेवटी तुमचंच खरं झालं, सोंग तर बंद पडलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते. म्हणाले, "हो, गिझेलाही म्हणते की मी जिंकलो. मग गुरुवारी काय करायचं तेही सांग म्हणावं."

मार्चमध्ये मला श्टुटगार्टला नोकरी लागली आणि त्सुफेनहाउझेनमध्ये घर मिळालं. आता सामान हलवायचं. इथं मजूर बोलावले तर दिवाळं निघतं, म्हणून मित्रांना बोलवायचं आणि बिअर आणि ब्रेत्सेल, म्हणजे तो पिळाचा खारा पाव, खाऊ घालायचं, अशी रीत आहे. उन्हाळ्यात कधीतरी, सगळं छान असताना, झेपनं मला शब्द दिला होता की तुझं सामान माझ्या व्हॅनमधून मी नेईन. मी तो शब्द धरलाच नव्हता. मी भाड्याच्या गाड्यांच्या चौकश्या करत होते. पण शनिवारी सकाळी आठाच्या ठोक्याला दारात व्हॅन उभी. झेप खाली उतरला, काकांकडे न बघता मला म्हणाला, कपाट कुठलं आधी?

माझं लाकडी कपाट दोन माणसांशिवाय हलणारं नव्हतं, आणि घरात दुसरा माणूस एकच होता. काकांनी बाह्या सारल्या. काकू म्हणाल्या, अहो, पाठ! पण कोण ऐकतंय. एक वर, एक खाली, असे दोघं जिन्यावरून निघाले. सगळ्या हिवाळ्यातलं पहिलं संभाषण असं झालं: डावीकडे. नाही, तुझ्या डावीकडे. थांब. उचल. मी वर कपाटाचे काढलेले खण घेऊन उभी, माझा जीव कपाटात. मधल्या वळणावर कपाट अडकलं. जिना झेपनंच केलेला, त्यामुळे शिवी घालायचीही सोय नव्हती. दोघांनी ते टेकवलं आणि धापा टाकत भिंतीला टेकून राहिले.

मग झेप बोलला. कपाटाआडून, काकांचं तोंड दिसत नसताना. त्याची बव्हेरियन बोली मला अर्धीच कळते, पण हे सगळं कळलं. सभेत मी खोटं बोललो, म्हणाला. तू उपलब्ध होतास. तू नाही म्हणालास, आणि का म्हणालास ते सांगायची मला लाज वाटली. पुढच्या सभेत सांगतो. पण मला तुझ्यासारखं सांगता येत नाही. तू ये.

काका काही बोलेनात. मला वाटलं आता बसवतात याला चहाला.

"येतो," ते म्हणाले. "पण सांगणार तू."

"हो," झेप म्हणाला. आणि मग, "उचल."

मला धीर नाही हे सांगितलंच आहे, म्हणून सभेचं आत्ताच सांगून टाकते. मला ते काकूंनी फोनवर कळवलं. झेप उभा राहिला, अडखळला, जहाजांचा क्रम चुकला, मळे आधी आणि जहाजं नंतर सांगितली. पण बँजोवाला उपलब्ध होता, त्यानं नकार दिला आणि त्याचं बरोबर होतं, हे त्यानं नीट, न अडखळता सांगितलं. एकजण दार आपटून निघून गेला. बाकीचे बसून राहिले. काकांनी एकदाही दुरुस्ती केली नाही, आणि काकूंच्या मते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यांत अवघड काम तेच असावं.

तर त्या शनिवारी सामान भरून झालं. व्हॅनला पुढं दोनच सीट. ठरलं असं होतं की झेपशेजारी मी बसायचं. मी काकूंना मिठी मारून वळते तर काका त्या सीटवर चढून पट्टा लावून तयार. मी म्हटलं, अहो काका, मी कुठं बसू? म्हणाले, "चढवलंय ते उतरवायला नको का कुणी? तू ट्रेननं ये की. आमच्या आधी पोचशील." आणि गेले. माझं अख्खं घर घेऊन दोन म्हातारे माझ्यादेखत निघून गेले आणि मी हातात कुकर घेऊन रस्त्यावर.

जर्मन रेल्वेबद्दल मी इथं काही लिहीत नाही, संपादक छापणार नाहीत. एक गाडी रद्द झाली, दुसरी वाटेत उभी राहिली. नव्या घराची किल्ली माझ्या पर्समध्ये. बाहेर बोचरा वारा. दोघंही सत्तरीचे, एकाची पाठ नाजूक, एकाचे गुडघे गेलेले, आणि रस्त्यावर ताटकळत उभे असणार, या विचारानं माझा जीव वरखाली होत होता. फोन केला तर कुणी उचलेना. त्सुफेनहाउझेनच्या स्टेशनवरून मी कुकर कडेवर घेऊन अक्षरशः पळत सुटले.

घरासमोर व्हॅन उभी होती. इंजिन बंद. मागचं दारही उघडलेलं नव्हतं. पुढच्या काचा आतून वाफेनं पांढऱ्या झालेल्या, आणि एका बाजूला कुणीतरी हातानं पुसून भोक पाडलेलं. त्यातून मला दिसलं. बोलत झेप होता. एक हात स्टिअरिंगवर, दुसरा हवेत, कपाळाला आठ्या, शब्द शोधतोय. काका शेजारी बसून ऐकत होते. मध्येच त्यांनी मान हलवली, नाही, आणि दोन बोटांनी खूण केली, पुन्हा पहिल्यापासून. झेपनं मोठा श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मी काच वाजवायला हात उचलला होता. तो खाली घेतला. माझ्या नव्या घराच्या पायरीवर कुकर ठेवला, त्याच्याशेजारी बसले, आणि पिशवीतलं गार झालेलं ब्रेत्सेल काढून खायला लागले. म्हटलं, होऊ दे त्यांचं सावकाश.